इमर्शन शाळा आपल्या मुलाला मानवेल का? ठरवण्याआधीची तयारी

माझी मुलगी पाच वर्षांची होत होती तेव्हा आम्ही तिचं नाव स्पॅनिश इमर्शन शाळेत घातलं. घरात मराठी, दाराबाहेर इंग्रजी आणि शाळेत स्पॅनिश. आता ती पाचवीत आहे. या काळात ओळखीच्या किती तरी आयांनी मला एकच प्रश्न विचारला, "आमच्या मुलाला झेपेल का गं?" बहुतेक मुलांना झेपतं. खरी ओढाताण होते ती घराची. पुढची पाच-सहा वर्षं घर या वाटेवर टिकून राहील का आणि तुम्ही बघताय ती शाळा रोज प्रत्यक्षात कशी चालते, या दोन गोष्टींवर निर्णय घ्यावा असं माझं मत आहे. आम्हाला यातलं निम्मं उशिरा कळलं. तुम्हाला आधी कळावं म्हणून क्रमाने लिहिते.

सोयीसाठी तीन शब्द ठरवून घेऊ. 'शाळेची भाषा' म्हणजे इमर्शनची भाषा, 'बाहेरची भाषा' म्हणजे तुम्ही राहता तिथे सगळे बोलतात ती आणि 'घरची भाषा' म्हणजे आपली मराठी.

१. इमर्शन म्हणजे नेमकं काय, ते पक्कं करा

रोज भाषेचा एक तास ठेवला म्हणून शाळा इमर्शनची होत नाही. गणित, विज्ञान, परिसर अभ्यास हे विषयच शाळेच्या भाषेतून शिकवतात आणि विषयांबरोबर भाषा मुलांच्या अंगवळणी पडते. दिवसाचा निदान अर्धा वेळ त्या भाषेत गेला पाहिजे, असं साधारणपणे मानतात.

या पद्धतीची आजच्या रूपातली सुरुवात १९६५ साली कॅनडात, माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्टमध्ये झाली. तिथले इंग्रजी बोलणारे पालक शाळा मंडळाच्या मागे लागले आणि त्यांनी बालवर्गापासून फ्रेंचमधून शिकवणारा वर्ग सुरू करून घेतला. मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ वॉलेस लँबर्ट आणि त्यांचे सहकारी त्या मुलांची प्रगती वर्षानुवर्षं तपासत राहिले. मुलं फ्रेंच समजायला आणि वाचायला फार चांगली शिकली. इंग्रजी वाचन-लेखनात ती सुरुवातीला मागे होती, पण शाळेत इंग्रजी शिकवायला लागल्यावर त्यांनी ते भरून काढलं.

इथे आपल्या लोकांचा हमखास एक घोळ होतो. "आम्ही घरी मराठी बोलून इंग्रजी माध्यमात शिकलोच की, हेही तसंच," असं म्हणतात. ते तसं नाही. इमर्शनच्या वर्गात बहुतेक मुलं शून्यापासून सुरुवात करतात, मुलांना ती भाषा येत नाही हे धरूनच बाई धडा बांधतात आणि मूल बाहेरच्या भाषेत काही बोललं तर त्यांना ते कळतं. शिवाय बाहेरची भाषा लिहायला-वाचायलाही शाळाच शिकवते. भाषा येणाऱ्यांच्या वर्गात एकट्या न येणाऱ्या मुलाला बसवलं, तर त्याला यातलं काहीच मिळत नाही.

आणि याचीच दुसरी बाजू आपल्याला लागू होते. तुमच्या मुलाला आज फक्त मराठी येत असेल, तर बाईंना त्याची भाषा कळणार नाही. वर्गातल्या इतर मुलांना निदान बाहेरच्या भाषेचा आधार असेल, त्याला तोही नसेल. म्हणून शाळेबद्दल बाकी काही विचारण्याआधी, आपल्या मुलाला बाहेरची भाषा किती येते हे प्रामाणिकपणे बघा. पाणी हवंय, शू लागली, दुखतंय, त्याने मला ढकललं, एवढं सांगता आलं तरी पुष्कळ आहे.

प्रकार साधारण तीन. पूर्ण इमर्शनमध्ये पहिल्या एक-दोन वर्षांत नव्वद टक्के किंवा त्याहून जास्त वेळ शाळेच्या भाषेत जातो आणि वरच्या इयत्तांत तो कमी होत निम्म्यावर येतो. दुसरा प्रकार पहिल्यापासून निम्मा-निम्मा. अमेरिकेतल्या युटा राज्याने २००८ मध्ये कायदा करून हा प्रकार मोठ्या प्रमाणावर सुरू केला. तिथे एका वर्गाला दोन शिक्षक असतात, एक एका भाषेचा, दुसरा दुसऱ्या भाषेचा. तिसरा प्रकार द्विमार्गी. यात साधारण निम्म्या मुलांची घरची भाषाच शाळेची भाषा असते आणि मुलं एकमेकांकडून शिकतात. जवळपास असा वर्ग असेल तर तो सगळ्यात आधी बघा, कारण मधल्या सुट्टीत जी भाषा कानावर पडते तिची सर पुस्तकाला येत नाही.

न्यूझीलंडमध्ये माओरीसाठी आणि हवाईत हवाईयनसाठी १९८०च्या दशकात अशाच शाळा उभ्या राहिल्या, पण त्यांचा हेतू निराळा होता. आजी-आजोबांबरोबर भाषा संपू नये, म्हणून त्या समाजांनी त्या काढल्या. मराठी घरातून बाहेर पाहताना मला हे वारंवार आठवतं.

२. आपल्याला हे का हवंय, ते लिहून काढा

दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहा आणि मग एकमेकांना दाखवा. "पुढे नोकरीला उपयोगी पडेल" एवढंच कारण असेल तर ते तिसरीपर्यंतही पुरत नाही. त्या भाषेत बोलायला माणसं मिळणार आहेत का, तुम्ही स्वतः थोडी शिकणार आहात का, पाच वर्षं त्याच गावात राहणार आहात का? बदलीची नोकरी असेल तर शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी द्या.

३. घरच्या भाषेचा हिशोब मांडा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आणि पालक नेमकी हीच गाळतात.

बाहेरची भाषा बुडेल, अशी भीती सगळ्यांना वाटते. ती बुडत नाही. ती टीव्हीवर आहे, मैदानावर आहे, मित्रांच्या तोंडी आहे. धोका असतो तो मराठीला, कारण तिच्यामागे शाळा नाही आणि शेजारही नाही. वर उल्लेख केलेल्या लँबर्ट यांनीच दोन प्रकारचं द्विभाषिकत्व वेगळं करून दाखवलं होतं. एकात नवी भाषा जुनीत भर घालते, दुसऱ्यात जुनीची जागा बळकावते. आपल्या घरात यातलं काय होणार, हे शाळेपेक्षा आपणच जास्त ठरवतो.

एका साध्या आठवड्याचा हिशोब करा. मूल जागं असतं ते तास मोजा, त्यातून शाळा, प्रवास, पाळणाघर, खेळ वजा करा. उरलेल्या वेळात मराठी किती आणि कुणाशी? आमच्याकडे तो आकडा रोजचा जेमतेम दीड तास आला आणि त्यातला अर्धा "बूट घाल, चल लवकर" यात जात होता. त्यानंतर आम्ही रात्रीची गोष्ट फक्त मराठीत ठेवली आणि आजीशी रोजचा फोन ठरवून घेतला.

सापळा असा, की पहिल्या वर्षी मूल बाहेरच्या भाषेत मागे दिसलं की घाबरून पालक घरात मराठी बंद करून ती भाषा बोलायला लागतात. कुणी सल्ला दिला तरी हे करू नका. मूल घरच्या भाषेत जे विचार करायला शिकतं, कारण सांगायला, गोष्ट रचायला, वाद घालायला शिकतं, ते इतर भाषांत त्याच्याबरोबर जातं.

देवनागरी कधी सुरू करायची, असंही विचारतात. आम्ही शाळेच्या भाषेत वाचन रुळल्यावर, दुसरीत सुरू केली. स्पॅनिशचे स्वर आपल्या आ, ए, इ, ओ, उ यांच्या इतके जवळचे आहेत आणि अक्षर बघून उच्चार करण्याची शिस्त इतकी सारखी आहे, की एका रविवारी तिने आपल्या आपण वहीत स्पॅनिश 'मेसा' आणि खाली मराठी 'मेज' लिहून मला दाखवलं. दोन्ही ती अक्षर लावून वाचत होती. शाळेची भाषा चिनी असेल तर हा फायदा मिळणार नाही. तिथे चिन्हं एकेक करून डोक्यात बसवावी लागतात, त्याला वेळ आणि सराव दोन्ही जास्त लागतात.

४. शाळेला हे प्रश्न विचारा

माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि मुख्याध्यापकांशी किंवा कार्यक्रमाच्या समन्वयकांशी बोला. उत्तरं लिहून घ्या.

• पहिल्या इयत्तेचं आठवड्याचं वेळापत्रक दाखवाल का? टक्केवारीवर विसंबू नका. आम्हाला "निम्मा वेळ" सांगितला होता. वर्षाच्या मध्यावर मी वेळापत्रक घेऊन मिनिटं मोजली, तेव्हा संगीत, खेळ, ग्रंथालय, चित्रकला आणि जेवणाची सुट्टी हे सगळं बाहेरच्या भाषेत निघालं. शाळेच्या भाषेला दिवसाचा तिसरा हिस्साच उरत होता. कुणी खोटं बोललं नव्हतं, मीच विचारलं नव्हतं.

• वाचायला आधी कोणत्या भाषेत शिकवता आणि दुसऱ्या भाषेतलं वाचन कोणत्या इयत्तेत सुरू होतं? पूर्ण इमर्शनमध्ये ते बऱ्याचदा दुसरी-तिसरीत येतं. हे आधी माहीत असेल तर पहिलीतल्या निकालाने झोप उडत नाही.

• गेल्या तीन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले? विषय आणि भाषा दोन्हींवर पकड असलेले शिक्षक मिळणं सोपं नाही. जागा रिकामी राहिली की बदली शिक्षक बाहेरच्या भाषेत शिकवतात आणि तुमच्या मुलाचं वर्ष जातं.

• पहिलीत दाखल झालेल्यांपैकी किती मुलं पाचवीत उरतात? वरच्या इयत्तांत गळती होते, वर्ग लहान होतात, कधी दोन इयत्ता एकत्र करतात.

• प्राथमिक शाळेनंतर काय? पुढे त्या भाषेतून निदान एक-दोन विषय मिळाले नाहीत तर मिळवलेलं हळूहळू विरतं.

• वाचनात अडचण आली किंवा वाचाउपचार लागले तर मदत कोणत्या भाषेत मिळते?

• चौथी-पाचवीच्या मुलांचं लेखन दाखवाल का? हा प्रश्न चुकवू नका. मेरिल स्वेन या अभ्यासिकेने कॅनडातल्या फ्रेंच इमर्शनच्या मुलांबद्दल १९८५ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं. मुलं ऐकून-वाचून छान समजत होती, पण बोलण्या-लिहिण्यात कच्ची राहत होती, कारण त्यांना स्वतः भाषा वापरायला पुरेसं लावलं जात नव्हतं. चांगली शाळा मुलांना एका-दोन शब्दांच्या उत्तरावर सोडत नाही. ते तुम्हाला वह्यांत दिसेल.

५. वर्गात जाऊन बसा

परवानगी मागून अर्धा-पाऊण तास मागच्या बाकावर बसा. भाषा कळत नसली तरी हरकत नाही, उलट पाच वर्षांच्या मुलाच्या जागी बसल्यासारखं होतं.

मी बसले त्या दिवशी बाई झाडाबद्दल शिकवत होत्या. कुंडीतलं एक रोप टेबलावर ठेवलेलं. मूळ म्हणताना त्यांनी माती बाजूला करून मूळ दाखवलं, पान म्हणताना पानाला बोट लावलं, पाणी म्हणताना झारी उचलली. एका मुलाने इंग्रजीत विचारलं, "याला पाणी घालायचं का?" बाईंनी त्याला गप्प केलं नाही की इंग्रजीत उत्तर दिलं नाही. "आग्वा? सी, आग्वा," म्हणत झारी त्याच्या हातात दिली. तो पाणी घालत होता तेव्हा सगळा वर्ग त्यांच्यामागून 'आग्वा' म्हणाला. पुढच्या दहा मिनिटांत त्याच मुलाने तो शब्द तीनदा स्वतःहून वापरला.

हे शोधायचं असतं. बाई हातवारे, चित्रं, वस्तू वापरतात का, मुलाचं म्हणणं आधी स्वीकारून मग ते शाळेच्या भाषेत परत देतात का, मागच्या रांगेतली मुलं वाऱ्यावर सोडलेली तर नाहीत ना, भिंतींवर मुलांनी लिहिलेलं लावलंय की सगळे छापील तक्ते आहेत? धड्याचा अर्थ लावायला बाई दर दोन मिनिटांनी बाहेरच्या भाषेत भाषांतर करत असतील, तर मुलं त्या भाषांतराचीच वाट बघायला शिकतात. तसा वर्ग मी टाळेन.

६. मुलाकडे बघा, पण योग्य ठिकाणी

हुशारीवर अडू नका. कॅनडातले संशोधक फ्रेड जेनेसी यांनी कमी शैक्षणिक क्षमतेच्या मुलांचाही अभ्यास केला. तशी मुलं इमर्शनमध्ये आपल्या भाषेत आणि विषयांत तेवढीच शिकली, जेवढी त्यांच्यासारखीच मुलं साध्या शाळेत शिकत होती. शिवाय दुसरी भाषाही त्यांना आली. माझी मुलगी मितभाषी, म्हणून मला धास्ती होती. ती धास्ती फुकट गेली. बडबडी मुलं लवकर बोलतात, शांत मुलं आधी ऐकून घेतात, एवढाच फरक मी पाहिला.

मी दोनच गोष्टी बघेन. सगळं कळलं नाही तरी मूल थोडा वेळ तग धरतं का, की लगेच कोसळतं? आणि मोठ्यांकडे, दुसऱ्या मुलांकडे बघून काय चाललंय याचा अंदाज बांधतं का? दोन्हींत कमी पडत असेल तर एखादं वर्ष थांबण्याचा विचार करा, पण प्रवेश पुढच्या वर्षी मिळतो का ते आधी विचारा.

बोलायला उशीर, तोतरेपणा, कानाची शंका किंवा अक्षरओळखीत अडचण असेल तर प्रवेशाआधी तपासणी करून घ्या. अनेक भाषांमुळे भाषाविकार होत नाही. पण अडचण असेल तर ती मराठीतही दिसते, म्हणून तपासणाऱ्यांना मूल मराठीत कसं बोलतं हे सविस्तर सांगा, जमल्यास ध्वनिमुद्रण ऐकवा. डिस्लेक्सिया असेल तर शाळा बदलल्याने तो जात नाही, त्यासाठी नेमकी मदत लागते. म्हणून चौथ्या पायरीतला मदतीचा प्रश्न तुमच्यासाठी निर्णायक आहे.

७. अर्ज आणि कागदपत्रं

बहुतेक ठिकाणी प्रवेश फक्त बालवर्गात किंवा पहिलीत मिळतो. त्यानंतर भाषेची चाचणी द्यावी लागते. जागा कमी असतील तर सोडत निघते, भावंडांना अनेकदा प्राधान्य असतं. मुदत साध्या प्रवेशाच्या आधी संपते, तेव्हा एक वर्ष आधीच चौकशी करा आणि नंबर नाही लागला तर प्रतीक्षायादीवर नाव ठेवा. शाळा सुरू झाल्यावरही पहिल्या काही आठवड्यांत जागा रिकाम्या होतात.

हाताशी ठेवायचं:

• जन्मदाखला किंवा पासपोर्ट
• पत्त्याचा पुरावा
• लसीकरणाची नोंद
• आधीच्या शाळेचा किंवा बालवाडीचा अहवाल
• काही तपासण्या झाल्या असतील तर त्यांचे अहवाल
• घरच्या भाषेबद्दलचा फॉर्म, शाळा देते तो

या शेवटच्या फॉर्मवर मराठी लिहावं की नाही, यावर पालकांत बरीच कुजबुज असते. खरं लिहा. काही ठिकाणी त्यावरून मुलाची बाहेरच्या भाषेची चाचणी घेतात. ती घेतली म्हणून प्रवेश अडेल असं धरून चालू नका, पण निकालाचा उपयोग कशासाठी होतो हे शाळेला लेखी विचारा. द्विमार्गी वर्गात घरच्या भाषेनुसार जागा वाटलेल्या असतात, तिथे मराठी घरातलं मूल कोणत्या यादीत जातं हेही विचारा.

८. पहिल्या दोन वर्षांत काय होईल

पहिले काही आठवडे मूल दमून येईल. आमची मुलगी दप्तर न काढता सोफ्यावर झोपायची. परक्या भाषेत दिवसभर कान टवकारून बसणं थकवणारं असतं, म्हणून त्या काळात शाळेनंतरचे क्लास लावू नका.

नंतर येतो गप्प राहण्याचा काळ. मूल समजतं, सांगितलेलं करतं, पण शाळेच्या भाषेत बोलत नाही. हा काळ आठवडे, कधी महिने चालतो. "आजीला स्पॅनिशमध्ये म्हणून दाखव" हा आग्रह या काळात अजिबात नको. पाहुण्यांसमोर तर नकोच. वर्गात मूल हसतंय, खेळतंय, हात वर करतंय, तर सगळं ठीक आहे. रोज सकाळी पोट दुखायला लागलं, झोप उडाली, तर मात्र बाईंना लगेच भेटा.

गृहपाठ आपल्याला वाचता येणार नाही, याची भीती मलाही होती. मी मुलीला विचारायचे, "यात काय करायला सांगितलंय, मला मराठीत सांग." सांगता आलं म्हणजे तिला कळलंय. सांगता आलं नाही तर मी पानावर खूण करून बाईंकडे पाठवायची. उत्तरं भाषांतराच्या ॲपमधून काढून देऊ नका, मूल कुठे अडतंय ते बाईंना कळेनासं होतं.

बाहेरच्या भाषेतल्या चाचण्यांत मूल सुरुवातीला मागे दिसू शकतं. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात इमर्शनच्या जागा सोडतीने भरतात, त्यामुळे नंबर लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांची नीट तुलना करता आली. रँड या संशोधन संस्थेने इतरांबरोबर केलेल्या आणि २०१५ मध्ये जाहीर झालेल्या त्या अभ्यासात इमर्शनची मुलं इंग्रजी वाचनात पाचवीत सुमारे सात महिने, आठवीत सुमारे नऊ महिने पुढे होती. गणित आणि विज्ञानात फायदा दिसला नाही, तोटाही दिसला नाही. आकडे पाचवीचे आणि आठवीचे आहेत, हे लक्षात ठेवा. दुसरीत मूल काढून घेणाऱ्याच्या वाट्याला बऱ्याचदा मागे पडण्याचाच काळ येतो.

कॅनडातलेच अभ्यासक जिम कमिन्स यांनी स्थलांतरित मुलांबद्दल दाखवलेला फरकही उपयोगी पडतो. खेळता-बोलता येण्याइतकी भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण अभ्यासाची भाषा बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. मूल फडाफडा बोलतं म्हणून धडा कळलाच, असं धरू नका.

९. सोडायचं ठरलं तर

कधी कधी सोडणंच बरोबर असतं. मूल सतत दुःखी आहे, लागणारी मदत शाळा देत नाही, शिक्षक टिकत नाहीत किंवा घरात आजारपण आलंय आणि कुणाकडेच वेळ नाही, ही खरी कारणं आहेत. एका खराब चाचणीवरून किंवा शेजारच्या मुलाच्या गुणांवरून सोडू नका. शक्य असेल तर वर्ष संपेपर्यंत थांबा.

निघताना शाळेकडून दोन्ही भाषांतल्या वाचनाच्या पातळीचा लेखी अहवाल आणि मुलाच्या लेखनाचे दोन-चार नमुने मागून घ्या. नव्या शाळेच्या बाईंना पहिल्याच आठवड्यात भेटून सांगा, की याने वाचन आधी दुसऱ्या भाषेत शिकलंय. नाही तर स्पेलिंगच्या चुका बघून त्याला उगाच कच्चा ठरवतील. आमच्या ओळखीतल्या एका आईने दुसरीनंतर मुलाला काढलं, तेव्हा हा अहवाल तिने घेतला होता. नव्या बाईंनी तो वाचून मुलाला तीन महिने रोज वीस मिनिटं वेगळं वाचन दिलं आणि नाताळच्या सुट्टीपर्यंत तो वर्गाबरोबर आला.